दोन भाषांची शाळा खोऱ्यात उभी करताना

शाळा काढायची म्हणून जी माणसं माझ्याकडे येतात, त्यांच्या हातात बहुतेक वेळा इमारतीचा नकाशा असतो. मी तो बाजूला ठेवायला सांगते आणि एक कोरं वेळापत्रक पुढे करते. पहिलीचा वर्ग, सोमवार ते शनिवार. कुठला तास कुठल्या भाषेत आणि तो कोण घेणार, एवढंच भरा म्हणते. हे भरता आलं की शिक्षक किती आणि कसे लागतील, पुस्तकं कुठली, पैसे किती, हे आपोआप पुढे येतं. भरता आलं नाही, तर इमारत बांधून काही होणार नाही. मूल्यांबद्दलही माझं तेच मत आहे. शाळा काय मानते ते वेळापत्रकात आणि हिशेबाच्या वहीत सापडलं पाहिजे. भिंतीवरचे सुविचार मी बघत नाही.

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी शाळेत प्राथमिकला शिकवत होते. निवृत्तीनंतर काही सहकाऱ्यांना घेऊन पानशेतच्या पलीकडे, वेल्ह्याच्या बाजूला (तालुक्याचं नाव आता राजगड) मराठी-इंग्रजी शाळा सुरू केली. पुण्याच्या नळाला येणारं बहुतेक पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतलं आहे. त्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरं गेली, त्यांच्या नातवंडांना चांगल्या शाळेसाठी पुण्याच्या कडेला धायरीत भाड्यानं खोली घेऊन राहावं लागू नये, असं मला फार वाटत होतं. अजूनही वाटतं. भोर, मुळशी, जुन्नर, आंबेगाव, कुठेही शाळा काढायचा विचार असेल तर खालचं उपयोगी पडेल.

आधी गावाचं वर्ष समजून घ्या

निदान एक पूर्ण वर्ष त्या भागात जात राहा, आणि वेगवेगळ्या ऋतूंत जा. आषाढात भातलावणी असते, तेव्हा तिसरी-चौथीची मुलंही चिखलात उभी असतात किंवा घरी धाकटं भावंड सांभाळत असतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो. शाळेला पाणी पुरेल का ते तेव्हाच कळतं. पावसाळ्यात कुठल्या वाडीचा रस्ता बंद होतो, कुठला ओढा चढतो, हे गाडीवाल्याला विचारून लिहून ठेवा. सुट्ट्या, गाडीचे मार्ग आणि सहामाहीची विभागणी या वहीतून ठरवायची.

जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसा. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी लागते, त्यामुळे वाडीवाडीवर छोट्या शाळा आहेत. तिथली गुरुजी-बाई मनापासून काम करत असतील आणि पट पंधरा-वीसचा असेल, तर शेजारी दुसरी शाळा काढून तो पट फोडू नका. त्याच शाळेला इंग्रजीचा एक चांगला शिक्षक, वाचनालय आणि मे महिन्यातलं शिबिर द्या. मी हे अगदी गंभीरपणे सांगते आहे. शाळा काढण्याचा मान मिळणार नाही, पण मुलांचं काम होईल. तीन-चार वाड्यांची मुलं पाचवीनंतर कुठे जातात याचं उत्तर ‘कुठेच नाही’ किंवा ‘पंचवीस किलोमीटरवर’ असं आलं, तर मात्र तुमच्या शाळेची गरज आहे.

संस्था, जमीन, मान्यता

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. संस्था तीन प्रकारे नोंदवता येते: १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली. महाराष्ट्रात सोसायटी काढली तरी धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली नोंद करावी लागतेच. सोसायटीला किमान सात सभासद लागतात. त्यातला एक स्थानिक शेतकरी, एक बाई त्याच गावातली, आणि एक जण तरी असा की जो तुम्हाला तोंडावर ‘नाही’ म्हणेल. सातही जण एकाच घरातले किंवा एकाच मित्रमंडळातले असले की संस्था पहिल्या मतभेदात मोडते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्या. हे राहून गेल्यामुळे वर्षानुवर्षं वादात अडकलेल्या संस्था पुण्यात खूप आहेत.

जमिनीच्या बाबतीत सातबारा आणि मागचे फेरफार वकिलाकडून वाचून घ्या. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या अटींवर मिळालेली जमीन असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही आणि संस्था शेतकरी नसते. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे खरेदीच काय, भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शिवाय अकृषिक वापराचा प्रश्न वेगळाच. गावातले प्रेमाने म्हणतात, ‘बाई, घ्या की तो माळ, बांधा शाळा.’ त्यांचे आभार माना आणि कागद होईपर्यंत एक वीटही रचू नका. गावठाणातलं जुनं घर रीतसर कराराने घेऊन सुरुवात करणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

विनाअनुदानित नवी शाळा आता २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली येते. आधी इरादापत्र, म्हणजे सरकारची तत्त्वतः संमती, मग अटी पूर्ण केल्यावर मान्यता. जागेचं क्षेत्रफळ, ठेव, अर्जाची मुदत हे सगळं त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं. ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून घ्या, दुसऱ्या संस्थेच्या जुन्या फायलीवरून अर्ज करू नका. मान्यतेशिवाय शाळा भरवली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे एक लाखापर्यंत दंड होतो आणि पुढे चालू ठेवल्यास रोज दहा हजारांपर्यंत. मान्यतेनंतर अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक मिळतो. तो नसेल तर मुलांच्या दाखल्यांना अर्थ राहत नाही, आणि ते नुकसान मुलांचं होतं.

इमारतीला काय हवं हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे: शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, उतार, कुंपण, मैदान, वाचनालय. त्यात मी एक गोष्ट घालते. ओल्या रेनकोटांसाठी आणि बुटांसाठी रुंद पडवी. खोऱ्यातल्या पावसात ती नसेल तर चार महिने वर्गात डबकं असतं.

भाषेचा आराखडा

पालक इंग्रजीसाठी येतात. ‘आमच्या पोराला इंग्रजी बोलता आलं पाहिजे’ ही मागणी रास्त आहे. रिक्षा चालवून, हॉटेलात भांडी घासून त्यांनी पाहिलेलं असतं की इंग्रजीवाचून दारं बंद होतात. त्यांना मातृभाषेवर व्याख्यान देऊ नका. त्यांना सांगा की मूल एकदा एका भाषेत अर्थ लावत वाचायला शिकलं की दुसऱ्या भाषेत वाचायला त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही, आणि ती पहिली भाषा त्याला समजणारी हवी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दोन्ही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असंच सांगतात. पण पालकांना पटतं ते दुसरीतलं मूल त्यांच्यासमोर न अडखळता पान वाचतं आणि काय वाचलं ते सांगतं तेव्हा. त्यामुळे पहिल्या वर्षापासून दर सहामाहीला असं वाचन पालकांसमोर ठेवा.

आमचा आराखडा असा आहे. बालवाडीत घरची बोली. मूल ‘व्हतं’, ‘न्हाय’, ‘कंदी’ म्हणालं तर शिक्षिका तिचं उत्तर प्रमाण मराठीत देते, पण मुलाला दुरुस्त करत नाही. पहिलीत रोज दीड तास मराठी वाचन-लेखन, एक तास गणित मराठीतून आणि अर्धा तास इंग्रजी फक्त तोंडी: गाणी, सूचना, खेळ, गोष्ट. दुसरीच्या दुसऱ्या सहामाहीत इंग्रजी अक्षरं आणि वाचन. तिसरीपासून आठवड्यातले दोन गणिताचे तास इंग्रजीतून. चौथी-पाचवीत परिसर अभ्यासातला एक पाठ मराठीत, पुढचा इंग्रजीत. सहावीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत, म्हणजे ज्याला आपण सेमी म्हणतो ते. मात्र प्रयोगानंतरची चर्चा मुलं हव्या त्या भाषेत करतात. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास लागतात, म्हणजे दिवसाला चार तास. एवढ्यात हे सगळं बसतं, फक्त दर तासाचा हेतू ठरलेला हवा.

मराठी वाचन शिकवताना ‘क, ख, ग, घ’ अशा क्रमाने जाऊ नका. सोपी आणि वारंवार येणारी चार-पाच अक्षरं आणि काना घ्या: न, म, क, ल, आ. पहिल्याच आठवड्यात मूल ‘मामा’, ‘काका’, ‘कमल’, ‘नाक’ वाचतं आणि आपण वाचतो हे त्याला कळतं. प्रत्येक गटानंतर त्याच अक्षरांची छोटी वाक्यं, मग पुढचा गट. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने अशा वाचनावर अनेक वर्षं काम केलं आहे. एकदा तिथे जाऊन या, पुण्याहून एका दिवसात होतं. पुण्यातच सेनापती बापट रस्त्याजवळ अक्षरनंदन ही मराठी माध्यमाची शाळा १९९२ पासून आहे. मराठीतून शिकूनही मुलं पुढे अडत नाहीत हे घाबरलेल्या विश्वस्तांना दाखवायला तिचं नाव मी घेते.

इंग्रजी अक्षरं शिकवताना मुलांची अडचण खरी असते. देवनागरीत अक्षर दिसलं की त्याचा उच्चार बहुतेक ठरलेला असतो. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क होतं आणि ‘सिटी’मध्ये स. पाठांतराने स्पेलिंग लादलं की मूल चित्र बघून अंदाज करायला लागतं. म्हणून आधी दीड वर्ष कानाने इंग्रजी, मग अक्षरांचे आवाज, मग शब्द.

इंग्रजीचा तास इंग्रजीतच घ्या. एक वाक्य इंग्रजीत म्हणून लगेच त्याचं मराठी सांगायची सवय आपल्याकडे फार आहे. मुलं हुशार असतात. इंग्रजी वाक्य चालू असताना स्वस्थ बसतात आणि मराठीची वाट बघतात. त्यापेक्षा वस्तू हातात द्या, कृती करून दाखवा. आमच्याकडे पर्जन्यमापकाची नोंद रोज इंग्रजीतून होते: कोण बाटली आणणार, पाणी किती, काल किती होतं. जुलैच्या अखेरीस पहिलीतली मुलंही ‘मोअर दॅन यस्टरडे’ म्हणतात, कारण बाहेर पाऊस खरोखरच जास्त झालेला असतो.

गणितात संख्यानामांचा पेच आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी येतो, लिहिताना चार आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर दोन’ अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. मला त्या पुस्तकाची काळजी समजते. दोन भाषांच्या शाळेत यावर उपाय म्हणजे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. आधी चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या हाताने मोजायच्या, ‘चार दशक सात’ म्हणायचं, मग ‘सत्तेचाळीस’, आणि महिनाभराने ‘फॉर्टी सेव्हन’. हा क्रम पाळला की इंग्रजी नाव सोपं जातं, आणि मराठी नावही हरवत नाही.

कातकरी घरांतून आलेल्या मुलांना शाळेची मराठीसुद्धा परकी असते. त्या वाडीतली एक शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून घ्या, पगार द्या, आणि पहिले काही महिने तिला वर्गात मुलांशेजारी बसवा. भट्टीवर जाणाऱ्या मुलांना तिथल्या शाळेत दाखवता येणारं शिक्षण हमी पत्रक द्या आणि त्यांची नावं पटावरून काढू नका. परत आल्यावर मूल कुठपर्यंत वाचत होतं हे शिक्षिकेच्या वहीत असलं पाहिजे.

पुस्तकं राज्य मंडळाचीच घ्या. बालभारतीने पहिलीसाठी द्विभाषिक पुस्तकं काढली, ती आमच्या कामाला फार जवळची वाटली. गोष्टींची पुस्तकं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून निवडून आणा. घाऊक संच घेऊ नका, प्रत्येक पुस्तक स्वतः वाचा.

मूल्यं कुठे दिसतात

महाराष्ट्रातल्या शाळांना १९९७ पासून मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं माहीत आहेत: श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, वक्तशीरपणा वगैरे. नवीन यादी करायची गरज नाही. त्यातलं एकेक घ्या आणि विचारा, आमच्या शाळेत हे कोण, कधी, कशाने करतं?

श्रमप्रतिष्ठा म्हणजे झाडणं आणि स्वच्छतागृह धुणं. फळ्याशेजारी पाळी लावा, त्यात मुलगे, मुली, शिक्षक आणि विश्वस्त सगळ्यांची नावं. मुख्याध्यापिकेचा वार सोमवार. समानता जेवताना दिसते. साताऱ्याच्या वसतिगृहात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं त्याला शंभर वर्षं झाली, तरी आजही काही वाड्यांतली मुलं आपापले डबे घेऊन वेगवेगळी बसतात. आम्ही पंगतीची जागा दर आठवड्याला बदलतो आणि वाढायचं काम मुलांकडे देतो. कुणी पालक तक्रार घेऊन आला की त्याला चहा द्या, नीट ऐकून घ्या, आणि पंगत बदलू नका. इथे माघार घेतलीत तर बाकीच्या नऊ मूल्यांना मुलं मान देणार नाहीत.

मारायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहेच, पण शिक्षकाला मग काय करायचं हे शिकवावं लागतं: वर्ग थांबवणं, मुलाला काम देणं, दुपारी बोलणं. प्रवेशाला चाचणी नाही, देणगी नाही. कलम १३ तेच सांगतं. आणि शिपाई-मावशी शिक्षकांच्याच खोलीत, शिक्षकांच्याच कपात चहा पितात. मुलं हे सगळं बघत असतात.

शिक्षक आणि पैसे

डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) बघाच, पण निवड करताना उमेदवाराला वाडीतल्या दहा मुलांसमोर बसवून गोष्ट सांगायला लावा. मुलं जवळ सरकतात की नाही ते बघा. सिंहगड रस्त्यावरून रोज ये-जा करणारी तरुण शिक्षिका पहिल्या दोन पावसांत थकते. त्यामुळे खोऱ्यातच राहणाऱ्या, बारावी झालेल्या मुलींना हाताशी घेऊन त्यांना डीएलएड करायला मदत करणं दूर पल्ल्याचं पण टिकणारं काम आहे. कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारीसकट धरले आहेत. ती तयारी वेळापत्रकात लिहा, शनिवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून पुढच्या आठवड्याचे इंग्रजीचे तास मोठ्याने करून बघा. इंग्रजी बोलायची शिक्षकांची भीती तिथेच जाते.

पगार बँकेतून, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, सहीइतकाच. निम्मा पगार परत घेऊन पूर्ण रकमेवर सही घेणारी शाळा मूल्यांबद्दल बोलू शकत नाही.

फी ठरवताना २०११ चा शुल्क विनियमन कायदा लागू होतो. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे हिशेब ठेवून मंजुरी घ्यावी लागते. आम्ही तो हिशेब मराठीत, मोठ्या अक्षरांत दरवाजाला लावतो. शिक्षण हक्क कायद्याने राखीव ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांवरच्या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारकडून उशिरा येते, ती येईल असं धरून पगाराचं गणित बांधू नका. सहा महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात जमल्याशिवाय शाळा उघडू नये असं माझं ठाम मत आहे. देणग्यांसाठी आयकराची (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी) नोंदणी लवकर करा. कंपन्यांकडून सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्मही लागतो. कंपन्यांना खोल्या आणि संगणक द्यायला आवडतं, पगार द्यायला नाही. त्यांना शिक्षकाच्या एका वर्षाचा खर्च मांडून दाखवा आणि त्यासाठीच मागा. काही जण देतात.

पहिला जून

बालवाडी आणि पहिली, एवढ्यावरच सुरू करा. पहिलीत तीस मुलांना एक शिक्षक हे प्रमाण कायद्यात आहे. साठांपर्यंत दोन शिक्षक लागतातच. दर वर्षी एकेक इयत्ता वाढवा. गावातले पहिल्याच वर्षी चौथीपर्यंत सगळे वर्ग मागतील, कारण त्यांच्या मोठ्या मुलांचीही त्यांना काळजी आहे. त्या मुलांसाठी संध्याकाळी वाचनालय उघडं ठेवा, पण इयत्ता उघडू नका.

जनरल रजिस्टरमधल्या, म्हणजे प्रवेशाच्या कायम वहीतल्या नोंदी स्वतः तपासा. आईचं नाव, जन्मतारीख, जात आणि आडनावाचं लेखन यात आता झालेली चूक मुलाला दहावीनंतर जात पडताळणीच्या वेळी छळते. तिसरी संपताना प्रत्येक मुलाकडून एक न पाहिलेला मराठी उतारा आणि एक सोपा इंग्रजी उतारा वाचून घ्या, काय समजलं ते विचारा, आणि बाहेरच्या शाळेतल्या कुणाला तरी शेजारी बसवा. दहातली सात-आठ मुलं दोन्ही वाचत असतील तर पाचवीच्या मान्यतेच्या तयारीला लागा. वाचत नसतील तर ते वर्ष नवा वर्ग थांबवा, पैसे एका जास्तीच्या शिक्षिकेवर खर्च करा, आणि पालकांना सभेत कारण सांगा. त्याच सभेत, सातवी-आठवीनंतर मुलं कुठल्या हायस्कुलात जातील, तिथवर गाडी कोण नेईल आणि मुलींचं भाडं कोण भरेल, हा विषयही पटलावर घ्या.